रविवारची टेकडी ड्यूटी

पुण्यात वीकेण्ड म्हटलं की मल्टिप्लेक्स, नाहीतर सिंहगडावरचं पिठलं-भाकरी. माझा मात्र रविवार सकाळी साडेसहाला वेताळ टेकडीवर सुरू होतो. जॉगिंगला नाही हं, मातीत हात घालायला!

कोथरूड, पाषाण आणि सेनापती बापट रस्ता यांच्या मधली ही टेकडी लांबून मस्त हिरवीगार दिसते. पण त्या हिरवाईत मोठा वाटा गिरिपुष्पाचा, म्हणजेच ग्लिरिसिडियाचा. हा पाहुणा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. उघडी टेकडी झटपट हिरवी करायला एकदम सोयीचा. फांदी रोवली की रुजते, आपल्याकडची गुरं सहसा तोंड लावत नाहीत आणि शेंगा तडकून बिया लांब उडतात. फेब्रुवारीत गुलाबी बहर आला की जो तो कॅमेरा काढतो. पण याच्या गर्दीत पळस, सालई, मेडशिंग, खैर या इथल्या मंडळींना जागा कुठून मिळणार?

म्हणून वनखात्याच्या परवानगीने आम्ही गिरिपुष्पाची कोवळी रोपं मुळासकट उपटतो आणि मोकळ्या जागी पावसाच्या सुरुवातीला देशी रोपं लावतो. त्या दिवशी तुफान गर्दी असते. खरी परीक्षा दिवाळीनंतर. हातात पाच लिटरचा कॅन, समोर चढ आणि वर वाट बघणारं आळं! पहिले दोन-तीन उन्हाळे निभावले की रोप आपलं आपण बघतं. तोवर ते जगतं ते मार्चमध्येही न चुकता येणाऱ्या मोजक्या माणसांच्या जिवावर.

आणखी एक गोष्ट. टेकडीवरचा गवताळ माळ म्हणजे 'रिकामी जागा' नव्हे. चंडोल आणि लावे घरटी करतात ती जमिनीवर, गवताच्या आडोशाला. तिथे वड लावला तर तो देशी असूनही उपराच. त्यामुळे नवा गडी उत्साहात कुदळ उचलतो, तेव्हा जुनी माणसं आधी त्याला गवतातून फिरवून आणतात. कुठे लावायचं नाही, हे कळलं की मगच खड्डा!

यायचंय? बूट, फुल बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि पाण्याच्या दोन बाटल्या घ्या. एक तुमच्यासाठी, एक रोपासाठी. जुलैत आलात तर छानच. पण जमलं तर मार्चमध्ये या, बॉस. तेव्हा माणसं कमी असतात आणि तहान जास्त.