आबांच्या दोन फळ्या

जुनी फायबरची होडी घेतली तेव्हा ती वरून चकचकीत होती. आबांनी मात्र कोयता उलटा धरला आणि इंजिन लागतं त्या मागच्या फळ्यावर मुठीने ठोकत गेले. वर टणटण, खाली भद्द. फायबरचा आतला थर कापला, तर काळं लाकूड चोथ्यासारखं हातात आलं. पिळलं तर पाणी गळलं.

मला आता सागच घालायचा होता. आबांची हयात लाकडी होड्यांत गेलेली. सागाचं नाव काढलं की ते खूश होतील असं वाटलं. ते म्हणाले, "फळयेक कित्याक दोष देतंस? भोकां कोणी बुजवूक नाय, ता बघ." बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं होतं. शिवाय साग तेलकट, रेझिन त्याला नीट धरत नाही; अखंड फळी ओल लागली की रुंदीत फुगते आणि फायबर सुटतं. प्लायचे थर आडवे-उभे, ते एकमेकांना फुगू देत नाहीत. फोम कुजत नाही, पण हलक्या फोमवर बोल्ट आवळले की तो चेपतो, आणि इंजिनाचा रेटा सोसणारा दाट फोम मला परवडत नव्हता.

राहिलं मरीन प्लाय. मी आणलेल्या तुकड्यावर आयएस ७१० या मरीन प्लायच्या मानकाचा शिक्का होता. आबांनी तो न्हाणीच्या हंड्यात उकळत ठेवला. संध्याकाळपर्यंत थर कांद्यासारखे सुटले. काही न बोलता ते मांगरात गेले आणि माळ्यावरच्या १८ मिलिमीटर प्लायच्या दोन फळ्या काढून आणल्या. स्वतःच्या होडीसाठी ठेवलेल्या.

जुलै होता. १ ऑगस्टला मासेमारीची पावसाळी बंदी उठणार आणि बाहेर पाऊस थांबत नव्हता. ओल्या लाकडावर रेझिन लावायचं नाही म्हणून त्या फळ्या आठवडाभर चुलीवरच्या माळ्यावर सुकवल्या. मग इपॉक्सीने एकमेकींना चिकटवल्या, कडा रेझिनने भरल्या. बोल्टांची भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने बुजवली आणि त्यातूनच नेमक्या मापाची पुन्हा पाडली, म्हणजे बोल्टला लाकूड लागतच नाही. प्रत्येक भोकात आबा करंगळी घालून फिरवून बघत. लाकडाचा खरखरीतपणा लागला की मान हलवत, आणि मी पुन्हा भरत असे.

फळ्यांचे पैसे त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाहीत. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला माझी होडी पाण्यात होती. आबांची मांगरात, मागचा फळा उघडा.