पंधरा ते पन्नास

मोटारगाडीच्या आयुष्यात दोन मुक्काम असे आहेत की जेथे सरकारदरबारी तिच्या वयाची आवर्जून दखल घेतली जाते. पहिला पंधराव्या वर्षी. नोंदणीची मुदत संपते, गाडी परिवहन कार्यालयाच्या आवारात तपासणीसाठी हजर करावी लागते, पर्यावरण कराचा भरणा करावा लागतो आणि पुढे पाच-पाच वर्षांची मुदतवाढ पदरात पडत जाते. या नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी सहाशे रुपये होते. एप्रिल २०२२ पासून ते पाच हजारांवर गेले. दुसरा मुक्काम पन्नासाव्या वर्षी. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमानुसार पन्नास वर्षे पुरी केलेली, मूळ स्वरूपात राखलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. वीस हजार रुपये भरले की ‘व्हीए’ या अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक तिला मिळतो आणि प्रदर्शनात वा संचलनात ती मानाने मिरवू शकते. या दोहोंमधल्या पस्तीस वर्षांत मात्र तिला ना नवेपणाचे कौतुक, ना पुरातनत्वाची प्रतिष्ठा. माझे सारे मोटारप्रेम याच अनाथ पस्तीस वर्षांच्या मुलुखात वावरले आहे, आणि त्या मुलुखाविषयी मला काही सांगावयाचे आहे. कारण पन्नाशीला पोहोचलेली प्रत्येक गाडी त्यातूनच चालत आलेली असते, आणि तिला तेथून कोणी चालवत आणले याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते.

गिरगावात आमच्या वाडीच्या तोंडाशी एका डॉक्टरांची फियाट उभी असे. पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले, म्हणून उलटे उघडणारे. नाकाड पुढे आलेले. साऱ्या मुंबईने तिला प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणावे अशी तिची ठेंगणी, गुबगुबीत अंगलट. वाडीतल्या मुलांना तिच्यावर हात टेकण्याची मुभा नव्हती, परंतु दसऱ्याला झेंडूचा हार तिच्या नाकावर चढवण्याचा मान आम्हांला पाळीपाळीने मिळे, आणि त्या निमित्ताने उन्हात तापलेल्या पत्र्याचा, पेट्रोलचा व आतल्या रेक्झिनचा जो संमिश्र वास नाकात शिरला तो तेव्हापासून निघालेला नाही.

ती गाडी डॉक्टरांनीही नवी घेतलेली नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्या काळी जुनी मोटार घेणे ही गरिबाची तडजोड नव्हती. सामान्य मध्यमवर्गीयाला मोटारीपर्यंत नेणारा तोच राजरस्ता होता. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. परंतु १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशीनंतर जे देशातच गाडी घडवण्याचा कार्यक्रम हाती घेणार नाहीत त्यांना येथे थारा उरला नाही, आणि पुढल्याच वर्षी शिवडीचे ते दालन बंद झाले. मुंबईपुरती मोटार म्हणजे मग कुर्ल्याची फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या त्या कारखान्यातून अकराशेची फियाट निघू लागली, १९६४ मध्ये तिची ‘डिलाइट’ झाली, आणि १९७४ मध्ये तिनेच चितोडच्या राणीचे, ‘पद्मिनी’ हे, नाव धारण केले. किंमत ठरवण्याचा अधिकार सरकारचा. त्या किमतीचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नाव नोंदवून अनामत भरल्यावर ताबा मिळेपर्यंत वर्षांमागून वर्षे जात. ज्याला इतकी वर्षे थांबणे परवडत नसे आणि दर्शनी किमतीवर वरकड रक्कमही देता येत नसे, तो जुन्या गाडीच्या शोधास लागे.

माझ्या वडिलांचा शोध दादर पारशी कॉलनीतल्या एका वृद्ध गृहस्थांच्या डिलाइटपाशी थांबला. स्थळ पाहायला जावे तशी आमच्याकडून मंडळी गेली: वडील, धाकटे काका आणि परळच्या एका गिरणीत फिटर असलेले काकांचे स्नेही. गाडीचे मालक मोठ्या आदबीने सर्वांना आत बसवून चहाची चौकशी करीत होते. पण फिटरकाका काही बसले नाहीत. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला एक लहानसा लोहचुंबक काढला आणि दरवाजांच्या खालच्या कडेवरून, चाकांवरच्या कमानींवरून तो हळूहळू फिरवू लागले. जेथे पत्रा शाबूत होता तेथे रुमाल चिकटत होता. जेथे गंज कोरून काढून त्यात लांबी भरली होती तेथे तो निमूट घसरत होता. मग त्यांनी पायाखालची रबरी चटई उचलली, बुटाच्या टाचेने तळाचा पत्रा ठोकला, आणि अखेरीस इंजिन चालू करवून मागे जाऊन उभे राहिले. धूर निळसर असेल तर रिंगा गेल्या, पांढरा राहून राहून येत असेल तर हेड-गॅस्केटकडे पाहा, हे गणित मी त्या दिवशी शिकलो. ‘पत्रा बघा, भाऊ. इंजिन आम्ही बनवून देऊ. पत्रा कोण बनवणार?’ एवढेच ते काकांना म्हणाले.

या वाक्यातले शास्त्र मला कळले ते स्वतःची गाडी घेताना. फियाटच्या या घराण्यातील गाडीला ट्रकासारखी वेगळी सांगाडाचौकट नसते. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. दाराखालच्या पोकळ तुळ्या आणि तळ कुजला तर वरून कितीही रंग द्या, दारे खाली लोंबतात, वळणावर अंग कुरकुरते आणि पुढच्या चाकांची दिशा काही केल्या जुळत नाही. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात उभी राहणारी मुंबईची गाडी आतून कुजते; तिच्या मानाने देशावरची, कोरड्या हवेत वाढलेली गाडी दिसायला कितीही विटलेली असली तरी अधिक मोलाची. मी पद्मिनी घेतली तेव्हा नव्वदीचे दशक सरत आले होते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली, तिच्या मागून परदेशी नावांची रांग लागली, आणि ज्या गाडीसाठी एके काळी वर्षानुवर्षे रांगा होत्या ती आता कोणालाही नको झाली. नेमकी तीच वेळ निवड करण्याची होती. साताऱ्याकडची एक पद्मिनी रंग उडालेली, परंतु तळ खणखणीत अशी सापडली. चॅसीच्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून छाप काढला, तो पुस्तकातल्या क्रमांकाशी अक्षर न अक्षर ताडून पाहिला, एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म, ना-हरकत दाखला, विम्याचा दस्तऐवज असा कागदांचा सारा सरंजाम गोळा केला आणि ताडदेवच्या कचेरीत दरखास्त रुजू केली.

जुनी गाडी घेण्याचा खर्च एकदाच होतो. ती राखणे हा मात्र नित्याचा व्यवहार आहे, आणि या व्यवहारात माझा खरा पुढारी होता लालबागचा एक टर्नर. चिंचपोकळीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका चाळीच्या तळमजल्यावर, दोन माणसे शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावे एवढ्या जागेत, त्याचे लेथयंत्र होते. जानेवारी १९८२ च्या संपापूर्वी तो एका गिरणीच्या वर्कशॉपात होता. संप कधी मिटलाच नाही, गिरणीचे भोंगे थांबले, आणि धोट्याचे व साच्याचे सुटे भाग घडवणारे त्याचे हात मोटारींच्या भागांकडे वळले. गिरणगावाच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी उपासमारीची, विस्थापनाची, मॉलांची हकीकत सांगितली आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. पण त्या शेकडो कुशल हातांनी नंतर काय काय जिवंत ठेवले, हेही कोणीतरी मांडावयास हवे.

माझ्या गाडीचे सुकाणू सैल झाले होते. पुढच्या चाकाची किंगपिन आणि तिचा बुश यांच्यात खेळ पडला होता. चाक वर उचलून दोन्ही हातांनी हलवले की टकटक ऐकू येई. बाजारात मिळणारा तयार बुश मी घेऊन गेलो, तो त्याने हातात फिरवून बाजूला ठेवला. ‘घाई करू नका, साहेब. पिन झिजलेली आहे. तिला तिच्या आजच्या मापाचा बुश लागतो, पुस्तकातल्या मापाचा नाही.’ मग त्याने गनमेटलचा एक गोळा चकमध्ये बांधला. पिवळसर कीस कुरळा होऊन खाली पडू लागला, मध्येच यंत्र थांबवून तो मायक्रोमीटर लावी, डोळे मिटल्यासारखा क्षणभर उभा राही आणि पुन्हा हत्यार पुढे सरकवी. तेलाला वाट मिळावी म्हणून त्याने बुशच्या आतल्या अंगास एक नागमोडी खोबण हाताने कोरली. बुश बसवून, रीमर फिरवून पिन आत घातली तेव्हा ती स्वतःच्या वजनाने पडली नाही आणि जोरही करावा लागला नाही. अंगठ्याच्या दाबाने ती संथपणे आत उतरली. ते पाहताना मला जो आनंद झाला तो संगीताच्या मैफलीत समेवर होणाऱ्या आनंदाहून कमी प्रतीचा होता असे मी मानत नाही.

या गाडीची सारी रचनाच माणसाच्या हाताला समजेल अशी. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, जेमतेम चाळीस अश्वशक्ती, सुकाणूच्या दांड्याला जोडलेले गिअर. पॉइंटमधली फट सुमारे ०.४ मिलिमीटर असावी, ती फीलर गेजने कोणासही पाहता येते. टॅपेटचा आवाज कानाने ओळखता येतो. सोलेक्सच्या कार्ब्युरेटरचा जेट काढून फुंकर मारता येते. २६ जुलै २००५ च्या प्रलयात हिंदमाताच्या परिसरात ती दारापर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर चावी न फिरवता आम्ही प्लग काढले, तेल सांडून दिले, डिस्ट्रिब्युटर कोरडा केला, इंजिनात नवे तेल घालून ते हाताने फिरवून पाहिले, आणि ती पुन्हा रस्त्यावर आली. तिच्या शेजारच्या, संगणकावर चालणाऱ्या कित्येक तरुण गाड्या मात्र विमा कंपनीच्या यादीतच राहिल्या.

हे सारे एकट्या शौकिनांच्या बळावर टिकले नसते. टिकले ते टॅक्सीमुळे. शहरात साठ हजारांवर काळ्यापिवळ्या टॅक्सी होत्या आणि त्यांत पद्मिनींचे प्राबल्य होते, तोवर ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या दुकानांत क्लचप्लेटपासून दारावरच्या त्रिकोणी काचेच्या रबरापर्यंत सगळे हाताशी मिळे, आणि चोरबाजारात न मिळालेले शोधून देणारी माणसे असत. माझ्यासारखा मनुष्य वर्षातून जे एखादे वेळी मागे ते टॅक्सीवाला रोज मागत होता. त्याच्या मागणीवर दुकाने, साचे आणि मिस्त्री जगत होते. ताडदेवला अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती; टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती कायद्याने रस्त्यावरून गेली. वृत्तपत्रांनी त्या दिवशी हळहळ व्यक्त केली, ती मनापासूनच होती. परंतु त्या दिवशी टॅक्सीबरोबर तिच्याभोवतीचा धंदाही विसर्जित होऊ लागला. ज्यांची गाडी आता पन्नाशी गाठून मान मिळवील त्यांना तिचा व्हील-सिलिंडर कोण देणार, हा प्रश्न वीस हजार रुपये भरून घेणाऱ्या नियमात नाही. माझ्या मते तो असावयास हवा होता. गाडीस वारसा म्हणावयाचे तर तिची देखभाल करणाऱ्या कारागिरीचीही नोंद, शिक्षण आणि थोडी तजवीज झाली पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आजही टर्नर आणि फिटर घडतात, त्यांना हे काम शिकवणे अशक्य नाही.

दरम्यान नवी अडचण पंपावर उभी आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला सैल करते. गाडीच्या इंधन-पंपातला रबरी पडदा, नळ्या, कार्ब्युरेटरची गॅस्केटे यांना ते सोसत नाही. लालबागचा टर्नर आता हयात नाही. त्याच्या मुलाने लेथ विकला नाही. तो दिवसा एका कारखान्यात नोकरी करतो आणि रविवारी यंत्राचे आवरण काढतो. गेल्या महिन्यात परळच्या एका मुलीने आजोबांची पद्मिनी बाहेर काढली, तेव्हा त्या मुलीला मी त्याच्याकडे घेऊन गेलो. इथेनॉल सोसणाऱ्या रबरातून पडदा कापून घ्यायचा तर आधी लोखंडी साचा लागतो, आणि एका नगासाठी साचा परवडत नाही. म्हणून दादर, गिरगाव आणि ठाण्याच्या ओळखीच्या फियाटवाल्यांना मी फोन करीत आहे. पुरेशी नावे जमली की तो साच्यास हात घालणार आहे, आणि त्या मुलीने पहिल्या हप्त्याचे पैसे त्याच्याकडे आधीच जमा केले आहेत.