वर्णपटातले शिखर आणि त्याचे साल

आजच्या धाग्यात राजा नाही, लढाई नाही. प्रश्न मात्र आपल्याच विषयातला आहे: एखादी गोष्ट ‘सापडली’, ती नेमकी कधी?

नायोबियम डायसेलेनाइड हा अभ्रकासारखा थराथरांनी सोलता येणारा पदार्थ. ३३ केल्विनच्या खाली त्यातले इलेक्ट्रॉन सर्वत्र सारखे पसरलेले राहत नाहीत. कुठे दाट, कुठे विरळ अशी त्यांची स्थिर लहर उमटते आणि अणूही जागचे किंचित सरकतात. हीच चार्ज डेन्सिटी वेव्ह. सुमारे ७ केल्विनला हा पदार्थ अतिसंवाहक होतो, तरीही लहर टिकून राहते.

ही लहर प्रकाशाने ओळखता येते. लेझरचा विखुरलेला प्रकाश अणूंच्या कंपनांशी ऊर्जेची देवघेव करून किंचित बदललेल्या रंगाने परततो. १९२८ साली कोलकात्यात रामन यांनी दाखवलेला परिणाम तो हाच. लहर उमटली की वर्णपटात पूर्वी नसलेली शिखरे दिसू लागतात.

१९८० मध्ये अमेरिकेत सूर्यकुमार आणि क्लाइन यांनी हा स्फटिक २ केल्विनपर्यंत थंड केला, तेव्हा आणखी नवी शिखरे उगवली. चुंबकीय क्षेत्र लावताच ती खचली आणि लहरीची शिखरे बळावली. दोहोंत काही नाते आहे, एवढे त्यांनी नोंदवले. पुढच्याच वर्षी लिटलवुड आणि वर्मा यांनी उलगडा केला: अतिसंवाहक अवस्थेची तीव्रताच कमीजास्त होत थरथरते. एरवी प्रकाशाला ही थरथर जवळजवळ अदृश्य असते. येथे लहरीच्या कंपनाशी जोडली गेल्यामुळे ती दिसते.

आज या थरथरीला कणभौतिकीतल्या नातलगावरून ‘हिग्ज मोड’ म्हणतात, आणि पुष्कळ लेखांत ‘हिग्ज मोड १९८० मध्येच सापडला’ असे सरळ विधान असते. मला ते खटकते. प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी वाचली, म्हणून लेखांतला राजा अशोकच हे त्याच वर्षी पक्के झाले असे आपण म्हणत नाही. ‘देवानांपिय’सोबत अशोकाचे नाव कोरलेला मस्कीचा लेख १९१५ मध्ये उजेडात आला. १९८० च्या वर्णपटावरही आजचे नाव मागे नेऊन चिकटवले, की मधला सगळा वाद आणि विचार पुसला जातो.

शिवाय २०१४ वगळता येत नाही. त्या वर्षी याच स्फटिकाची तुलना नायोबियम डायसल्फाइडशी झाली. रचना तीच, अतिसंवाहकताही आहे, पण लहर नाही. आणि त्याच्या वर्णपटात ते शिखरही नाही.