बार्रियो कुठला तुमचा?

गाव कुठलं आणि राहता कुठं, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय आम्हां मराठी माणसांची ओळख पुरी होत नाही. यातल्या दुसऱ्या प्रश्नाने स्पॅनिश मुलखात माझी चांगलीच फजिती केली.

स्पॅनिश शिकलो ते माद्रिदमध्ये. तिथे आळी म्हणा, पेठ म्हणा, शब्द एकच : बार्रियो. १६१६ साली सेर्व्हान्तेसने जिथे देह ठेवला तो लेत्रास हा बार्रियो, आणि ज्याच्या सेर्रानो रस्त्यावरच्या किमती वाचूनच घशाला कोरड पडावी तो सालामांकाही बार्रियोच. शब्द सोयीचा वाटला. मी तो खिशात टाकला.

मेक्सिको शहरात पाहावे तर सगळ्या कोलोनिया! रोमा, कोन्देसा आणि जिच्या रस्त्यांना डॉक्टरांची नावे आहेत ती दोक्तोरेस. मला दादरची हिंदू कॉलनी आठवली. पण तिथे पत्त्यात श्रीमंतही कोलोनिया लिहितो नि गरीबही. बार्रियो म्हणतात ते जुन्या, बहुधा कष्टकऱ्यांच्या वस्तीला. चौकाभोवती खोल्या आणि धुण्याची जागा सामाईक, अशा घराला म्हणतात वेसिंदाद. मी गिरगावच्या चाळीत वाढलेला. या शब्दाचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही.

पुढे कामानिमित्त काराकासला गेलो. कचेरीत हिशेब पाहणाऱ्या एक बाई होत्या. पहिल्याच दिवशी मी माद्रिदी थाटात विचारले, "बार्रियो कुठला तुमचा?"

बाईंचा चेहरा उतरला. "आल्तामिराजवळ," एवढेच बोलून त्या कागदांत डोके घालून बसल्या.

संध्याकाळी एका सहकाऱ्याने मला बाजूला घेतले. काराकासमध्ये बार्रियो म्हणजे डोंगरउतारावर घरावर घर चढलेली गरिबांची वस्ती. मध्यमवर्गीय राहतात ती उर्बानिसासिओन. आणि बाई राहत होत्या पेतारेच्या बार्रियोत! म्हणजे मी चारचौघांत विचारले होते, "झोपडपट्टी कुठली तुमची?"

रात्री झोप लागेना. बार्रियो हा शब्द मूळचा अरबी, अर्थ 'बाहेरचा'. माद्रिदने त्याला घरात घेतले, काराकासने बाहेरच ठेवले. पण मी तरी कोण मोठा लागून गेलो होतो? कॉलेजात पत्ता सांगताना 'गिरगाव' एवढे म्हणून थांबत असे. चाळीचे नाव कधी ओठांवर येऊ दिले नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंची क्षमा मागितली. म्हटले, "मी वेसिंदादमध्ये वाढलो. एक खोली, सात माणसं, नळ सामाईक."

बाईंनी मान वर केली. "चावोसारखा?"

चावो हे मेक्सिकोच्या दूरचित्रवाणीवर १९७१ साली अवतरलेले पोर. वेसिंदादच्या चौकातल्या त्याच्या खोड्या अवघ्या लॅटिन अमेरिकेने घरोघर पाहिल्या आहेत.

"अगदी तस्साच!"

बाई मनमोकळ्या हसल्या. "रविवारी या जेवायला. पायऱ्या मात्र पुष्कळ आहेत हं!"

रविवारी पेतारेच्या पायऱ्या चढताना धाप लागली. वर पोचलो. खाली सारे शहर पसरले होते. बाईंनी हात लांब करून घरांच्या रांगा दाखवल्या आणि म्हणाल्या, "हा माझा बार्रियो."