रेषांना वाट समजलो

पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या डोंगरांवरून जाणारा एक सायकलमार्ग मी आखला, सायकलवाल्यांच्या गटात पाठवला, आणि त्या मार्गाने एका गावाच्या श्रमदानाचं नुकसान झालं. गावाचं नाव इथे लिहीत नाही. चूक माझी आहे, त्यात त्यांचं नाव कशाला? घडलं ते मात्र नीट सांगायला हवं, कारण असे मार्ग आखणारे आता पुष्कळ झाले आहेत.

मूळ रस्ता साधा आणि सुंदर होता. नगरहून कल्याण रस्त्याने निघायचं, जखणगाव, हिवरे बाजार, दैठणे गुंजाळ करत भाळवणीला यायचं, पुढे पारनेर, राळेगणसिद्धी आणि सुप्यावरून परत. सगळा अवर्षणाचा पट्टा. पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, तोही धड पडेल याची खात्री नाही. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम, त्यावर वीतभर माती. या पट्ट्यात माणसं पिढ्यान्‌पिढ्या जमीन खणत आली आहेत. 1972 च्या दुष्काळात पोटासाठी खडी फोडली, पाझर तलावांची माती डोक्यावरून वाहिली. 1975 मध्ये अण्णा हजारे राळेगणला परतले आणि तिथे नालाबांध, ताली, चर यांची कामं सुरू झाली. 1989 नंतर सरपंच पोपटराव पवारांच्या काळात हिवरे बाजारच्या लोकांनी डोंगर चरांनी बांधून काढला. अलीकडे, 2016 ते 2019 या वर्षांत झालेल्या पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेसाठी गावंच्या गावं ऐन उन्हाळ्यात 45 दिवस टिकाव-फावडं घेऊन माळावर उतरली.

हे सगळं मला माहीत होतं. बाहेरगावच्या पाहुण्यांना मी अभिमानाने सांगतही असे. तरीही प्रत्यक्ष मार्ग आखायला बसलो तेव्हा ही माहिती माझ्या उपयोगी पडली नाही.

डांबरी रस्त्याचा कंटाळा आला होता. सॅटेलाइट नकाशा मोठा करून पाहताना एका डोंगराच्या उतारावर समांतर रेषा दिसल्या. अगदी बारीक, एकमेकींपासून सारख्या अंतरावर, डोंगराच्या वळणाबरोबर वळत जाणाऱ्या. मला वाटलं, गुरांच्या पायवाटा. सपाट पातळीवरून जाणारी, चढ नसलेली, मैलभर लांब वाट; सायकलवाल्याला आणखी काय हवं? मी बोटाने रेघ ओढली, मार्गाची जीपीएक्स फाइल तयार केली. जमीन कोणाची, गायरान की वनखात्याची, हेही पाहिलं नाही. नकाशावर घर नाही, शेत नाही, म्हणजे पडीक, असं धरून चाललो.

त्या रेषा म्हणजे सलग समतल चर होते. हे काम कसं होतं ते मी नंतर शिकलो. दोन खुणा केलेल्या काठ्यांना पारदर्शक नळी बांधून त्यात पाणी भरतात. दोन्हीकडे पाणी सारख्या खुणेवर आलं की ती जागा एका पातळीतली. तिथे फक्की टाकायची आणि पुढे सरकायचं. त्या फक्कीवरून साधारण दोन फूट रुंद, एक फूट खोल चर खणायचा आणि निघालेली माती खालच्या अंगाला बांधासारखी रचायची. बांधावर गवताचं बी, सीताफळाच्या बिया टाकायच्या. दोन-तीन पावसाळे गेले की चराच्या कडा ढासळून गोल होतात, बांध गवताने झाकतो आणि लांबून पाहता माणसाचा हात लागल्याची खूण उरत नाही. माझ्यासारख्याला तो निसर्गच वाटतो.

अशी फसगत इतरत्रही झाली आहे. इंग्लंडमध्ये नॉरफक परगण्यात उथळ तळ्यांचा एक मोठा प्रदेश आहे, ब्रॉड्स नावाचा. लोक तिथे बोटी आणि सायकली घेऊन सुट्टीला जातात. ही तळी निसर्गतः झालेली, असंच सगळे मानत. 1950 च्या दशकात जॉइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तळाशी छिद्रं घेऊन पाहिलं, तर काठ उतरते नव्हते, भिंतीसारखे सरळ खाली गेलेले होते. मध्ययुगात लोकांनी जळणासाठी दलदलीतला पीट, म्हणजे कुजून दाबला गेलेला वनस्पतींचा थर, खणून काढला होता. पुढे त्या खाणींत पाणी भरलं. हे वाचून मला मोठा आधार वाटला असता, जाणकारही फसतात म्हणून. पण त्या लोकांकडे विचारायला कोणी उरलं नव्हतं. माझ्या डोंगराखाली गाव होतं, आणि चर खणणारी माणसं त्या गावात हयात होती.

आम्ही काही सायकलवाले एप्रिलच्या शेवटी त्या डोंगरावर गेलो. माती भुसभुशीत, गवत वाळलेलं. चर दिसले तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. दिसले, ओळखलेही, आणि "कोरडेच आहेत, काय होतंय" असं म्हणून पुढे गेलो. ही माझी सगळ्यांत मोठी चूक. नकाशा वाचताना झाली ती गफलत होती. इथे मी जाणूनबुजून केलं. परतताना तर आम्ही बांध आडवे ओलांडत थेट उतारावरून खाली आलो. पहिल्याच्या चाकाची जिथे खूण पडली तिथूनच दुसरा उतरतो, दुसऱ्याच्या मागे तिसरा. एकाखाली एक अशा बांधांवर एकाच रेषेत खाचा पडल्या. खाली गावातल्या हातपंपावर बाटल्या भरल्या, तोंडं धुतली. त्या गावाला तेव्हा टँकर सुरू होता, हेही नंतर कळलं.

पुढे ती फाइल गटातून गटात गेली आणि माझ्या ओळखीचे नसलेलेही तिथून उतरले.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाल्यावर गावातल्या एका तरुणाचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "दादा, एकदा येऊन बघून जा," एवढंच म्हणाला. मी गेलो. वरच्या बांधावरची खाच हातभर रुंद झाली होती. तिच्या दोन्ही कडा चाकूने कापल्यासारख्या ताज्या, आणि त्या कडांतून गवताच्या मुळ्या लोंबत होत्या. तिथून निघालेलं पाणी सरळ दुसऱ्या बांधावरच्या खाचेवर येऊन पडलं होतं, तिथून तिसऱ्या. मधली माती धुऊन खालचा पिवळा मुरूम उघडा पडला होता आणि शेवटच्या चरात लाल गाळ भरला होता.

तरुणाबरोबर त्याचे आजोबा आले होते. त्यांनी हिशेब सांगितला तो असा. दोन फूट रुंद आणि एक फूट खोल चराच्या एका मीटरमध्ये सुमारे 180 लिटर पाणी मावतं, शंभर मीटर चरात 18 हजार. चर भरला की वर चढणारं पाणी बांध अडवतो. बांधाला एका जागी खाच पडली की सगळ्या चराचं पाणी तिकडे धावतं, खाच स्वतःच खोल होत चरापर्यंत पोचते आणि जमिनीत मुरायचं पाणी माती घेऊन ओढ्याला जातं. सलग चराचा गुण तोच त्याचा धोका. मग ते म्हणाले, "आवो, शेळ्यांला बंदी घातली आम्ही डोंगरावर. घरच्या शेळ्या इकल्या लोकांनी. अन् तुमी सायकली घातल्या."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी या शब्दांचा अर्थ मी भाषणांत सांगत असे. त्या बंदीपायी एखाद्या घराचं दूध आणि अडीनडीचा पैसा गेला असेल, हे मी कधी मनात आणलं नव्हतं.

दुरुस्तीतही चुकलो. घाईने दोघा मित्रांना घेऊन गेलो, आजूबाजूची माती ओढून खाचा भरल्या, पायाने दाबल्या. पुढच्या पावसात ती माती जशीच्या तशी वाहून गेली, कारण जुन्या बांधाशी तिचा जोड झालाच नव्हता. मग आजोबांनी दाखवलं तसं केलं: खाचेच्या कडा आधी पायऱ्यांसारख्या छाटल्या, माती थराथराने टाकली, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुमसाने ठोकली, खालच्या बाजूला दगड रचले, आणि नळी लावून बांधाची उंची दोन्हीकडच्या बांधाशी जुळवली. एक खाच भरायला सकाळ जाते. ती पाडायला एक क्षण पुरला होता. माती मात्र परत आली नाही. वीतभर थर तयार व्हायला लागतो तेवढा काळ कोणाच्याच हाती नाही.

आता माझा मार्ग गाडीरस्त्यावरूनच जातो. हिवरे बाजारला जायचं तर गावाला आधी कळवतो, गावातल्याच कोणाला तरी बरोबर घेऊन चर पायी चालत पाहतो. तिथे दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि कोणतं पीक घ्यायचं ते त्यावरून ठरतं. शेतीसाठी बोअरवेल घ्यायला बंदी आहे. असं मोजून राहणाऱ्या गावात पाहुण्याने आपलं पिण्याचं पाणी घरून आणावं.

सायकलवाल्यांना हात जोडून विनंती आहे. नकाशावर डोंगराच्या अंगावर समांतर रेषा दिसल्या तर त्या वाटा समजू नका; ग्रामपंचायतीत विचारा. बांध ओलांडायचाच झाला तर सायकल खांद्यावर घ्या, आणि पावसाळ्यात तिकडे फिरकूच नका. आणि "पारनेर डोंगरमार्ग" या नावाची माझी जुनी फाइल कोणाच्या फोनमध्ये असेल तर कृपा करून आजच पुसून टाका. मी ती काढून टाकली आहे, पण पुढे गेलेल्या प्रती माझ्या हातात नाहीत.