घाटावरचा बटाटा, घाटाखालचं चीज

ओतूर, शुक्रवार

ती. आईस,

कल्याण सुटलं की मुरबाडपर्यंत झोप काढायची, हा बाबांचा शिरस्ता मीही पाळला. जाग आली ती माळशेजला. पाऊस ओसरलाय, धबधब्यांच्या नुसत्या रेघा उरल्यात. वर पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी मात्र तुडुंब. भीमाशंकरला मंचरवरून वळायचं, म्हणून मुक्काम तिथेच. निघताना म्हणालीस ते लक्षात आहे: दादाचे सासू-सासरे मानपाड्याला जेवायला येतील तेव्हा सुरमईशेजारी ऐटीत मांडता येईल असं तोंडीलावणं हवं, आणि ती बटाट्याची भाजी नको. बघते.

मंचर, शनिवार

ती. आईस,

बटाटाच कर, भाजी नको. आज अवसरी घाट चढून पेठला गेले होते. हे सातगाव पठार. जूनच्या पावसावर लावलेला बटाटा आता निघतोय. बियाणं पंजाबातून मंचरच्या बाजारात येतं. बरंचसं पीक वेफर्सच्या कंपन्यांशी करार करूनच लावलेलं असतं. वेफर्सच्या बटाट्यात पाणी आणि साखर कमी, म्हणून तो तळताना काळा पडत नाही. शीतगृहातला बटाटा मात्र थंडीत गोडसर होतो, कारण त्यातल्या पिठाची साखर होते. तेव्हा ताजा बघून घे.

घाट उतरलं की अवसरी फाट्यावर पराग डेअरीचा कारखाना. 1992 साली सुरू झाला. आपल्या फ्रीजमधलं ‘गो’ चीज यांचंच. घाटावर बटाटा, घाटाखाली चीज, आणि गावात त्या दोघांचं मिळून काय, तर बसस्टँडवरचं चीज सँडविच! वाईट वाटलं.

फ्रान्सच्या दोफिने प्रांतात बटाट्याचं ग्रातँ करतात, म्हणजे दूध-क्रीममधल्या चकत्या ओव्हनमध्ये भाजतात. 1788 साली गाप शहरातल्या एका सरदारी मेजवानीत ते पाखरांच्या मांसाबरोबर वाढलं होतं, अशी नोंद सांगतात. म्हणजे तेही मुळात तोंडीलावणंच. तिथले कर्मठ लोक त्यात चीज घालत नाहीत. आपण घालू, कर्मठपणा आपल्याकडे कमी आहे का?

घोडेगाव, रविवार

ती. आईस,

आता कृती. अर्धा किलो बटाटे सोलून, धुऊन, पुसून घे आणि मग वेफर्सपेक्षा जरा जाड चकत्या कर. चिरल्यावर पाण्यात टाकायच्या नाहीत. तुझा हात आपोआप पातेल्याकडे जाईल, तो आवर. चकत्यांचं पीठच दूध दाट करतं. ते धुतलंस तर खाली पाणी सुटेल.

300 मिली साईचं दूध, अर्धी वाटी क्रीम, मिरपूड, चिमूटभर जायफळ आणि बेताचं मीठ (चीज खारट असतं). त्यात चकत्या मंद आचेवर दहा मिनिटं शिजव. फार उकळलं तर दूध फाटतं. काचेच्या भांड्याला आतून लसणाची पाकळी चोळ, तुपाचा हात फिरव, चकत्या थरांनी रच, वरून उरलेलं दूध ओत. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनवर 180 अंशांत अर्धा तास, मग वर किसलेलं चीज पसरून आणखी दहा मिनिटं. चीज आधीच घातलंस तर चिवट पापुद्रा होतो. क्यूबचं चीज छान वितळतं, पण चव मिळमिळीत. जुनं चेडर मिळालं तर निम्मं ते घाल.

काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही, बाबांनीही. मग सुरीनं चौकोन नीट निघतात. कोथिंबीर भुरभुरू नकोस.

तुझी लेक