फूट, इंच आणि पंचगंगा

कोल्हापुरात पावसाळ्याच्या दिवसांत दोन माणसे भेटली की प्रकृतीची चौकशी मागाहून होते. पहिला प्रश्न असतो, "पाणी किती झालं?" उत्तर देणारा पानवाला असो, वकील असो, की दुधाच्या कट्ट्यावर म्हशीच्या ताज्या धारेचा पेला तोंडाला लावून उभा असलेला पैलवान असो, तो आकडा फुटांत आणि इंचांत सांगतो. "अडतीस चार. रात्रीत एकोणचाळीस होतंय बघा." हा आकडा राजाराम बंधाऱ्यावरचा. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे येथल्या पोरांना पाढ्यांच्याही आधी पाठ होत असावे.

आपल्या देशाने १९५६ साली कायदा करून दशमान मापे स्वीकारली. पंचगंगेपर्यंत तो कायदा पोहोचलेला दिसत नाही. सांगलीची कृष्णाही आयर्विन पुलापाशी फुटांतच वाढते. अलमट्टी धरणाची उंची मात्र मीटरमध्ये, कोयनेचा साठा टीएमसीमध्ये आणि धरणातून सुटणारे पाणी क्युसेकमध्ये. राधानगरीचा एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, हे मला एका रिक्षावाल्याने सांगितले. आणि असे एकूण सात दरवाजे, ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, हेही सांगितले. भाडे सांगताना त्याने एवढी अचूकता दाखवली नाही, ती गोष्ट वेगळी.

आमची सासुरवाडी कोल्हापूरची. तेव्हा तांबडा-पांढरा रस्सा, चपला, गूळ आणि रंकाळा यांविषयी मी येथे काही लिहीत नाही. रंकाळ्यावर तर दिवाळी अंकांतून इतके लिहून झाले आहे की तेवढ्या शाईने तळे पुन्हा भरावे. मला सांगायचे आहे ते या गावाच्या एका सवयीविषयी. हे गाव मोजते, आणि मोजून झाले की भांडते. दोन्ही गोष्टी ते मनापासून करते.

नदीवरचा ब्रिटिश अमदानीतला शिवाजी पूल पाहायला आमचे मेहुणे मला मुद्दाम घेऊन गेले. "दाजी, ही कमान बघा. पाणी इथवर चढलं की मच्छिंद्री झाली म्हणायचं." नावातच मासा आहे. बंधाऱ्यावरचा आकडा घरोघर पोहोचण्याच्या आधीपासून पुराची ही खूण गावाच्या तोंडी आहे. मच्छिंद्री झाली म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ज्याला आकडा वाचता येत नाही त्यालाही पूल दिसतो.

कोल्हापूरच्या मोजण्यात अशा दिसणाऱ्या खुणा पुष्कळ. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव घ्या. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, मग छातीपर्यंत आणि शेवटी मुखापर्यंत पोहोचावीत अशी त्यांची वाट. पण ती वाट महाद्वार रस्त्यावरून जाते, आणि त्या रस्त्यावर माणसांनी मजले चढवले, पत्रे टाकले, फलक लावले. मग एखाद्या वर्षी किरणे कमरेपाशीच थांबतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी, आणि गावात वाद : ढग होते, की हवेत धूळ आणि बाष्प होते, की अमक्याची गच्ची आडवी आली? अभ्यासक उपकरणे घेऊन प्रकाश मोजतात, अडथळ्यांची पाहणी होते. आपले शहर किती उंच वाढू द्यायचे, हा वाद इतर ठिकाणी नगररचनेच्या कचेरीत होतो. येथे तो देवीच्या पायापाशी होतो, म्हणून त्यात सगळे भाग घेतात. दिवाळीच्या सुटीत कोल्हापूरला जाणाऱ्यांनी तारखा जुळल्या तर हा सोहळा चुकवू नये.

पण माझे मन गुंतले ते सासऱ्यांच्या भिंतीत. शुक्रवार पेठेच्या उतारावर त्यांचे जुने घर. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मामांनी पेन्सिलीने रेघा ओढून ठेवल्या आहेत. १९८९ ची रेघ पायरीजवळ, २००५ ची उंबऱ्याच्या वर, २०१९ ची ओट्याच्या वर, आणि २०२१ ची तिच्याही वर चार बोटे. २०१९ च्या ऑगस्टात बंधाऱ्यावर पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेले होते. पुणे-बंगलोर रस्ता शिरोलीपाशी पाण्याखाली, शहरात पेट्रोल नाही, भाजी नाही. त्या दिवसांत आम्ही मुंबईत टेलिफोनजवळ बसून होतो. २०२१ च्या जुलैत आकडा ५६ फुटांच्याही वर गेला. मामांचा आक्षेप साधा आहे. "बंधाऱ्यावर आठ इंच जास्त सांगत्यात. माझ्या भितीवर चारच बोटं. उरलेलं पाणी कुठं गेलं?" हा प्रश्न ते दर भेटीत मला विचारतात, जणू ते पाणी मी मुंबईला नेले.

आता हे घर पाडून तेथे नवे बांधावे असे मेहुण्यांच्या मनात आले आणि घरात एक नवा शब्द आला : पूररेषा. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकामाला बंदी, दोहोंच्या मध्ये अटी. घर निळीच्या आत निघाले. मेहुण्यांनी नकाशा जेवणाच्या पाटावर पसरला, आणि मामांनी आमटीचे भांडे त्या रेषेवरच ठेवले.

या रेषांवर पेठेतल्या तालमीत एक बैठक झाली, तिला मीही गेलो. लाल मातीचा वास, भिंतीवर मारुती, खाली सतरंजी. एका तरुण इंजिनिअराने रेषा कशी काढतात ते समजावले : मागचे पूर, नदीची रुंदी, जमिनीचे उतार. मागून एक वयस्कर बाई उठल्या. "पंचवीस वर्सातनं एकदा म्हंतायसा. माझ्या उंबऱ्याला दोन वर्सात दोनदा पाणी लागलं. मग ही पंचवीस कुणाच्या घरची?" सगळे हसले, पण इंजिनिअर हसला नाही. तो म्हणाला, "काकू, पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात चार वेळा शक्यता. फासा दर वर्षी नव्याने पडतो. आणि पाऊसच बदलला, तर फासाही बदलला." मग जे सुरू झाले ते रात्री अकराला थांबले. कोणी अलमट्टीला दोष दिला, कोणी महामार्गाच्या भरावाला, कोणी पूरक्षेत्रात माती टाकून बंगले उठवणाऱ्यांना.

२०१९ च्या पुरानंतर सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली होती. अलमट्टीमुळे हा पूर आला नाही, अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणे यांकडे पाहा, असा तिचा रोख होता. तो सांगली-कोल्हापुरात अनेकांना पटला नाही. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याचा विचार कर्नाटकाने पुढे आणल्यापासून तर धार आणखी चढली आहे. मला स्वतःला समितीचे म्हणणे बरेचसे पटते. ते मी सासुरवाडीत बोललेलो नाही, कारण मला तेथे पुन्हा जेवायचे आहे.

पण बैठकीत एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येकाजवळ आकडा होता. कोणाची भिंत, कोणाचा पूल, कोणाच्या मोबाईलवर दरवाजांची संख्या. म्हणून भांडणाला दम होता. आता याच नदीचा दुसरा एक आकडा घ्या. पंचगंगेच्या पाण्यात घाण किती, हे मोजण्याची एक रीत अशी : पाण्याचा नमुना बाटलीत भरून २७ अंश उष्णतेत तीन दिवस ठेवायचा. आतले सूक्ष्म जीव घाण खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती वापरतात ते पाहायचे. लीटरमागे तीन मिलिग्रॅमपर्यंत असेल तर नदी आंघोळीला बरी. आकडा जसा चढेल तशी नदीची इयत्ता घसरते. या मापाला 'बीओडी' म्हणतात. पाण्याची उंची सांगणाऱ्या पानवाल्याला मी विचारले, "आज बीओडी किती?" त्याने मला दोनदा नीट पाहिले आणि पान बांधून दिले.

त्याचा दोष नाही. तो आकडा त्याच्यापर्यंत येतच नाही. घाटावर आम्हाला तसा फलक दिसला नाही. जयंती नाला आणि दुधाळी नाला शहराचे सांडपाणी नदीकडे नेत. ते शुद्ध करायला कसबा बावड्याला दिवसाला ७६ दशलक्ष लीटरचे आणि दुधाळीला १७ दशलक्ष लीटरचे केंद्र उभे राहिले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. तरीही उन्हाळ्यात खालच्या अंगाला मासे मरून तरंगल्याच्या बातम्या येतात. मासे मेले की मात्र लोक जमतात, कचेरीच्या दारात मेलेले मासे नेऊन ठेवतात. बीओडी कोणी कधी कोणाच्या दारात ठेवलेला नाही.

अमेरिकेतल्या सिॲटल शहराने १९९० नंतरच्या दशकात एक गंमत केली. आपले गाव टिकेल की नाही हे कशावरून ओळखायचे, यावर नागरिकांनीच सभा भरवून खुणांची यादी तयार केली. तीत ओढ्यांतून परतणारे रानटी सामन मासेही होते. 'शाश्वत विकास' हा शब्द त्याआधी, १९८७ साली ब्रुंटलंड समितीच्या अहवालाने जगभर नेला होता, पण शब्द मोठा असला की सभेत डुलक्या लागतात. मासा म्हटला की जाग येते. मामांना मी हे सांगितले, तर ते म्हणाले, "आमची मच्छिंद्री त्यांच्या आधीची हाय." तारखा पाहता त्यांचेच खरे.

नदीच्या या दुखण्याला एक कारण कोल्हापूरच्या अभिमानात दडले आहे. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हे नाव महाराष्ट्रभर पाटबंधाऱ्यांच्या कागदांवर आढळते. दगडी खांब, मध्ये खाचा. पावसाळा संपला की खाचांत बर्गे घालून पाणी अडवायचे, पावसाळ्याआधी बर्गे काढून नदी मोकळी करायची. शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले, आणि पुढे नद्यांवर हे बंधारे उभे राहिले, त्या पाण्यावर ऊस उभा राहिला. रचना इतकी शहाणी की आजही तिला तोड नाही. मात्र ती योजली तेव्हा नदीत पाणीच असेल असे धरले होते. आज उन्हाळ्यात नदीची ओळीने डबकी होतात आणि जे मिसळले ते तेथेच कुजते. मग बर्गे काढून ते पुढे ढकलले, की शिरोळ तालुक्यात ओरड सुरू.

इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली. दाराशी नदी असून त्या शहराला वारणेचे, मग दूधगंगेचे पाणी मागावे लागले, आणि त्या त्या नदीकाठच्या गावांनी ते द्यायला विरोध केला. त्यांचेही चुकले असे म्हणवत नाही. इकडे कोल्हापूरला २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट नळाने आले. कित्येक वर्षांची मागणी पुरी झाली. आमच्या सासूबाईंनी पहिली घागर देवापुढे ठेवली. आनंदाचीच गोष्ट. पण त्या दिवसापासून पंचगंगेचे पाणी प्यायचे काम शहरापुरते बरेचसे संपले. पाणी किती चढले हे गाव अजून रोज विचारते. कसे आहे, हे विचारायचे कारण खालच्या गावांकडे गेले.

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही नरसोबाच्या वाडीला गेलो. पंचगंगा येथे कृष्णेला मिळते. पूर आला की पाणी देवळात शिरते, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्याला दक्षिणद्वार म्हणतात, आणि त्या पाण्यात न्हाण्यासाठी माणसे धावत येतात. आम्ही गेलो तेव्हा नदी पुष्कळ खाली होती. मेहुण्यांनी खांबाकडे पाहून सवयीने फूट सांगितले. सौभाग्यवती पायऱ्या उतरून गेली, ओंजळ भरली. लहानपणापासून ती येथे तीर्थ प्राशन करते. या वेळी तिने ते डोळ्यांना लावले आणि बोटे निथळू दिली.

"प्यायली नाहीस?" मी विचारले.

"डोळ्यांना लावलं की," ती म्हणाली, आणि कवठाच्या बर्फीचे दुकान बंद व्हायच्या आत चला म्हणून पायऱ्या चढू लागली.